पार्टनाखच्या उगमाकडे

म्युनिकमधल्या माझ्या घरापासून इझार नदी चालत दहा मिनिटांवर आहे. गेल्या सप्टेंबरात माझा कॉलेजपासूनचा नाशिकचा मित्र कामानिमित्त जर्मनीत आला होता आणि काम आटोपल्यावर चार दिवस माझ्याकडे राहिला, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी आम्ही नदीवर फिरायला गेलो. पाण्याचा रंग पाहून तो पुलावर थबकला. हिरवट, किंचित दुधाळ, तरीही तळाचे पांढरे गोटे मोजता यावेत असे ते पाणी होते. "हे येतं कुठून?" त्याने विचारले. गोदाकाठी वाढलेल्या माणसाला नदी दिसली की आधी तिचा उगम विचारावासा वाटतो, हे मला ठाऊक होते. मी सांगितले की इझार स्वतः टिरोलमधल्या कारवेंडेल पर्वतात उगम पावते; पण म्युनिकच्या अलीकडे वोल्फ्राट्सहाउझेन येथे तिला लोइझाख येऊन मिळते, लोइझाखला त्याआधी गार्मिशमध्ये पार्टनाख मिळालेली असते, आणि ही पार्टनाख जर्मनीतल्या सर्वांत उंच डोंगराच्या, म्हणजे २,९६२ मीटर उंचीच्या त्सुगश्पित्सेच्या कुशीतून येते. "मग तिथंच जाऊ की," नाशिककर म्हणाले, आणि शनिवार-रविवारचा बेत तिथल्या तिथे ठरला.

त्सुगश्पित्सेवर जाण्यासाठी चालायची मुळीच गरज नाही, हे आधीच सांगितलेले बरे. जर्मनीच्या बाजूने केबल-कार आहे, ऑस्ट्रियाच्या बाजूने तर १९२६ पासून आहे, आणि शिखराखालच्या पठारापर्यंत दात्यांच्या रुळांवरून चढणारी रेल्वे १९३० पासून जाते. पायी जाणाऱ्यांसाठी जे मार्ग आहेत, त्यांतला राइनटाल खोऱ्यातून जाणारा मार्ग सर्वांत लांब आणि सर्वांत सोपा समजला जातो. सोपा एवढ्याच अर्थाने, की त्यावर हिमनदी ओलांडावी लागत नाही आणि दोर बांधून कडा चढावा लागत नाही. बाकी अंतर एकवीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि चढ सुमारे २,२०० मीटरचा. आमच्या दृष्टीने या मार्गाची खरी थोरवी निराळीच होती. तो पार्टनाखच्या काठाने, तिच्या प्रवाहाच्या उलट्या दिशेने, थेट तिच्या उगमापर्यंत चढत जातो.

शुक्रवार

संध्याकाळची गाडी पकडायला आम्ही म्युनिकच्या मुख्य स्थानकावर पोहोचलो, तेव्हा नाशिककरांनी फलाटावरच्या दुकानातून अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेतली. पावतीवर पाण्याच्या किमतीखाली पंचवीस सेंट वेगळे लावलेले पाहून ते दुकानदाराशी वाद घालण्याच्या बेतात होते. ती बाटलीची अनामत आहे, रिकामी बाटली कोणत्याही मोठ्या दुकानातल्या यंत्रात टाकली की ते पैसे परत मिळतात, असे मी समजावले. त्यावर त्याने बाटली पिशवीत जपून ठेवली आणि जाहीर केले की तिच्यात उगमाचे पाणी भरून तो नाशिकला नेणार. त्याच्या आईच्या देवघरात गंगोत्रीचा एक बंद गडू आहे आणि त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्ताचे पाणी भरलेली एक बाटली आहे. शेजारी हीही बसेल.

गार्मिश-पार्टेनकिर्खेन दीड तासाच्या आत येते. गार्मिश आणि पार्टेनकिर्खेन ही मुळात दोन निरनिराळी गावे. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या तोंडावर, १९३५ मध्ये, ती सरकारी हुकमाने एकत्र करण्यात आली. आमच्या मुक्कामाच्या घरमालकीणबाईंनी "आपण गार्मिशला आलो" हे माझे वाक्य मध्येच तोडून "पार्टेनकिर्खेनला" अशी दुरुस्ती केली, यावरून ते लग्न अजून पुरते मुरलेले दिसत नाही. जेवून लवकर झोपलो.

शनिवार

ऑलिंपिकच्या स्की-मैदानापासून चालायला सुरुवात केली तेव्हा सव्वाआठ झाले होते. ही जागा साधारण ७३० मीटरवर आहे. पहिलाच पिवळा फलक पाहून नाशिककर थांबले, कारण त्यावर कोणत्या ठिकाणाला किती वेळ लागेल एवढेच लिहिलेले होते. आल्प्समध्ये डोंगरातले अंतर तासांतच सांगतात. वीस किलोमीटर सपाटीवरचे आणि वीस किलोमीटर चढाचे यांची तुलना होत नाही, म्हणून हेच शहाणपणाचे आहे, असे मी म्हणालो. "पण तास कोणाचे?" त्याने विचारले. पुढच्या दोन दिवसांत हा प्रश्न आम्हाला वारंवार पडला. ते तास गुडघे शाबूत असलेल्या, वाटेत फोटो न काढणाऱ्या, आणि दर तासाला चहाची आठवण न येणाऱ्या बव्हेरियन माणसाचे असावेत.

पार्टनाखची घळ मैदानापासून अर्ध्या तासावर सुरू होते. तिकीट काढून आत जावे लागते. लांबी सातशे मीटरच्या आसपास, आणि दोन्ही बाजूंचे कातळ काही ठिकाणी ऐंशी मीटरपर्यंत सरळ उभे. नदीने हजारो वर्षांत चुनखडक कापत कापत स्वतःला एवढ्या खोल नेले आहे, की वर पाहिले तर आकाशाची फक्त एक फट दिसते आणि त्या फटीतून पाण्याच्या बारीक धारा सतत अंगावर पडत राहतात. वाट कड्यातच कोरून काढलेली आहे; कुठे बोगदा, कुठे डोक्यावर झुकलेला खडक, कुठे हाताला लागणारी गार, ओली लोखंडी तार. १९१२ मध्ये ही घळ संरक्षित नैसर्गिक स्मारक म्हणून जाहीर झाली. त्याआधी आणि नंतरही कित्येक वर्षे हिचा उपयोग वरच्या जंगलातले ओंडके वाहून खाली आणण्यासाठी होई. ओंडके घळीत अडकले की माणसाला दोराने खाली सोडून ते मोकळे करावे लागत. मी खाली उसळणाऱ्या पाण्याकडे पाहत होतो आणि त्या दोरावर लोंबकळणाऱ्या माणसाला दिवसाची मजुरी किती मिळत असेल, एवढाच विचार डोक्यात येत होता.

घळीत बोललेले ऐकू येत नाही. मित्राने माझ्या दंडाला धरून बोट दाखवले ते एका जागी, जिथे खडकाच्या भिंतीवर हात टेकवला की आतून थरथर जाणवत होती. ती पाण्याचीच असावी. आम्ही दोघांनी तळहात बराच वेळ तिथे ठेवले, मागून येणारे एक जपानी कुटुंब थांबले, त्यांनीही ठेवले. घळीच्या वरच्या तोंडाशी १९९१ मध्ये मोठी दरड कोसळली होती. ते धोंडे आजही तसेच प्रवाहात पडलेले आहेत आणि वाट त्यांना बगल देत बोगद्यातून पुढे काढलेली आहे.

घळ संपली की तिकीटवाली गर्दीही संपते. पुढे कितीतरी तास रुंद जंगलवाट होती. चढ असा नाहीच, आणि खरे सांगायचे तर थोडी कंटाळवाणी. स्प्रूसची झाडे, खाली कुठेतरी नदीचा आवाज, मधूनच सायकलवाले. पावणेबाराला बॉकह्युट्टे नावाच्या छोट्या लाकडी उपाहारगृहाशी आलो. उंची १,०५२ मीटर. म्हणजे साडेतीन तासांत आम्ही जेमतेम सव्वातीनशे मीटर चढलो होतो आणि उरलेले जवळजवळ दोन हजार मीटर पुढे वाढून ठेवलेले होते. नाशिककरांनी हा हिशेब केला आणि काही न बोलता ताकाचा दुसरा ग्लास मागवला.

बॉकह्युट्टेनंतर मात्र राइनटाल आपले खरे रूप दाखवू लागते. खोरे रुंदावते, उजव्या हाताला वेटरश्टाइन पर्वताच्या करड्या भिंती हजार-हजार मीटर उंच उठतात, आणि नदी पांढऱ्या गोट्यांच्या पात्रातून इकडून तिकडे स्वैर फिरते. इथे काही वर्षांपूर्वीपर्यंत ब्लाउए गुंपे, म्हणजे निळा डोह, नावाचे सुंदर तळे होते. जुन्या दरडीने नदी अडून ते तयार झाले होते आणि त्याचा निळा रंग चित्रकारांना आणि पोस्टकार्डवाल्यांना फार प्रिय होता. ऑगस्ट २००५ मधल्या अतिवृष्टीत वरून आलेल्या गाळ-दगडांनी ते एका झटक्यात भरून गेले. आज तिथे पांढऱ्या खडीचे मैदान आहे. मी म्युनिकला आलो तेव्हा एका सहकाऱ्याने त्याच्या घरातल्या भिंतीवरचे या डोहाचे चित्र दाखवून "इथे जरूर जा" म्हटले होते. त्याला स्वतःला डोह बुजल्याचे माहीत होते की नाही, हे मी अजून विचारलेले नाही.

त्या खडीच्या मैदानाच्या कडेला बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चटणीच्या वासाने शेजारच्या धोंड्यावर बसलेल्या एका आजोबांनी मान वळवली. मी डबा पुढे केला. त्यांनी चमचाभर चटणी पावावर घेतली, चावली, थोडे लाल झाले आणि "डू, हे फार छान आहे" म्हणाले. जर्मनमध्ये परक्याला "झी", म्हणजे "आपण", म्हणतात, आणि "डू", म्हणजे "तू", घरच्यांना. पण हजार मीटरच्या वर सगळेच एकमेकांना तू म्हणतात, असा डोंगरातला जुना रिवाज आहे. कंपनीत पाच वर्षे शेजारी बसून मला अहो-जाहो करणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि इथे सत्तरी ओलांडलेल्या माणसाने चमचाभर चटणीवर मला अरे-तुरे केले. ऐकून बरे वाटले.

दुपारी पार्टनाखचा धबधबा लागला. उंचीने फार मोठा नाही, पण ज्या नदीच्या कडेने सकाळपासून चाललो, ती अशी समोरून अंगावर येताना पाहणे वेगळे. सव्वातीनला आम्ही मुक्कामाच्या जागी, १,३६९ मीटरवरच्या राइनटालआंगरह्युट्टेला पोहोचलो. ही जागा हिरव्या सपाट कुरणावर, नदीच्या अगदी काठाला आहे, आणि अंगणातून तिबेटी प्रार्थनापताकांच्या माळा फडफडत असतात.

"ह्युट्टे" या शब्दाला मराठीत झोपडी म्हणता येईल, पण ते बरोबर होणार नाही. धर्मशाळा हा शब्द जास्त जवळचा आहे. अशा बहुतेक ह्युट्टे जर्मन अल्पाइन क्लबच्या आहेत. हा क्लब १८६९ मध्ये म्युनिकमध्येच स्थापन झाला. तिथे वागण्याचे नियम साधे आणि कडक असतात. बूट बाहेरच्या खोलीत काढायचे, आत सपाता घालायच्या. स्वतःची पातळ झोपण्याची खोळ आणायची, कारण पांघरुणे सगळ्यांना सामाईक असतात. रात्री दहाला दिवे बंद. आल्याबरोबर वहीत नाव लिहायचे आणि उद्या कुठे जाणार तेही लिहायचे. ही शेवटची नोंद पाहून मित्राला मौज वाटली. माणूस दुसऱ्या दिवशी पोहोचला नाही तर त्याला कोणत्या वाटेवर शोधायचे हे त्यावरून कळते, असे सांगितल्यावर त्याने आपले नाव पुन्हा एकदा, अधिक सुवाच्य अक्षरात गिरवले.

जेवायला चीज घातलेले श्पेट्सले, म्हणजे इथल्या जाड शेवया, आणि तळलेला कांदा, मग काइझरश्मार्न, म्हणजे जाडसर धिरडे तव्यावरच फाडून, साखर भुरभुरून सफरचंदाच्या गरासोबत दिलेले. शाकाहारी माणसाचे आल्प्समध्ये याहून जास्त लाड होत नाहीत, पण पोट भरते. टेबलावर आमच्यासोबत श्टुटगार्टचे एक जोडपे होते आणि उद्या शिखर गाठणार म्हणून सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या हवामानाच्या कागदाकडे. दुपारनंतर वादळी पाऊस, वर गारा. ह्युट्टेच्या व्यवस्थापकांनी सरळ सांगितले, की एकच्या सुमारास वर पोहोचलात तर उत्तम. दोननंतर शिखराखालच्या लोखंडी तारांना हात लावायला मी जाणार नाही, तुम्हीही जाऊ नका. वादळात तार म्हणजे वीज खाली आणायची सोय.

सामाईक माळ्यावर वीस जण शेजारी शेजारी झोपतात. रात्रभर कोणी ना कोणी घोरत होते. त्यात आमचाही वाटा असल्याचे श्टुटगार्टच्या बाईंनी सकाळी हसत सांगितले, मात्र दोघांपैकी कोणाचा, ते सांगायचे टाळले.

रविवार

साडेसहाला निघालो. वाट अर्धा तास खोऱ्याच्या टोकाकडे जाते, आणि तिथे मुख्य वाट सोडून थोडे बाजूला गेले की पार्टनाखचा उगम आहे.

उगम म्हटल्यावर मनात काहीतरी बारीक, थेंब थेंब गळणारे असते. इथे तसे नाही. कड्याच्या पायथ्याशी पडलेल्या धोंड्यांच्या मधून, शेवाळाच्या गाद्यांखालून, अख्खी नदी एकदम बाहेर येते. वर कोरडा डोंगर, खाली गुडघाभर खोल, धावते पाणी. मध्ये काही नाही. मी हात घातला आणि दहापर्यंत मोजेतो बोटे बधिर झाली. मित्राने पिशवीतली ती स्थानकावरची बाटली काढली. आत राहिलेला घोटभर पाण्याचा जुना साठा ओतून टाकला, तीनदा खळखळून धुतली, आणि मग एका धोंड्यावर पालथा पडून, जिथे पाणी खडकातून बाहेर पडत होते नेमक्या त्याच फटीला बाटलीचे तोंड लावले. भरल्यावर त्याने झाकण लावून बाटली उजेडाकडे धरली. त्यात काहीच दिसत नव्हते. बाटली भरलेली आहे हे वजनावरूनच कळावे, इतके ते पाणी स्वच्छ होते.

"हे कुशावर्तासारखंच झालं की," तो म्हणाला. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी गुप्त होते, गंगाद्वाराला दिसते, पुन्हा गुप्त होते आणि खाली कुशावर्तात प्रकट होते, अशी नाशिककडची श्रद्धा आहे. पार्टनाखही गुप्तच वाहते, फरक इतकाच की इथे ते शास्त्रज्ञांनी वरच्या पाण्यात रंग सोडून आणि तो खाली निघालेला पाहून ताडून घेतले आहे. त्सुगश्पित्सेचे वरचे पठार सगळे चुनखडकाचे. पाऊस आणि वितळलेला बर्फ त्यावरून वाहत नाही, तो भेगांतून आणि विवरांतून थेट आत उतरतो आणि हजार मीटर खाली इथे बाहेर पडतो. याचा दुसरा अर्थ, की उगमाच्या वर पाणी मिळत नाही, आमच्या तेव्हा ध्यानात यायला हवा होता. तो पुढे चांगलाच ध्यानात आला.

उगमानंतर खोरे भिंतीला जाऊन थडकते आणि वाट नागमोडी वर चढू लागते. घोट्याखाली सरकणारी खडी, कमरेइतकी बुटकी डोंगरी पाइनची झुडपे, आणि दर वळणावर खाली जाणारी, लहान होत जाणारी ह्युट्टे. १,६४६ मीटरवर, म्हणजे माझ्या घड्याळातला आकडा तिथे आला तेव्हा, आम्ही थांबून एकमेकांना हात दिला: इथे कळसूबाई संपते. महाराष्ट्रात याच्या वर चढायला जागाच नाही. पण इथल्या डोंगराच्या मानाने ही जागा कड्याच्या पोटातले एक बिननावाचे वळण होते, आणि आम्हाला ओलांडून गेलेल्या दोन मुलींना आम्ही कशाचे अभिनंदन करतो आहोत ते कळले नाही.

क्नोरह्युट्टेला, २,०५१ मीटरवर, साडेनऊला पोहोचलो. ही १८५५ ची. वेटरश्टाइनमधली सर्वांत जुनी ह्युट्टे. तोवर मित्राचा उजवा गुडघा बोलू लागला होता. चढताना नाही, थांबल्यावर. खिडकीपुढे पेयांसाठी रांग होती. इथे मी चूक केली. पश्चिमेला ढग जमत होते, वेळेचे भान ठेवायला हवे होते, आणि वरचे झोनआल्पिन हे मोठे उपाहारगृह फलकानुसार दोनच तासांवर होते. म्हणून बाटल्या न भरताच "वरच घेऊ" म्हणून मी पुढे निघालो. माझ्या बाटलीत तेव्हा चार घोट होते. मित्राच्या दुसऱ्या बाटलीत तितकेही नव्हते.

क्नोरह्युट्टेच्या वरचे पठार मी आयुष्यात विसरणार नाही, आणि ते केवळ तहानेमुळे नव्हे. एवढा मोठा, एवढा उघडा, एवढा कोरडा दगड मी कधी पाहिला नव्हता. चुनखडकाच्या लाटाच्या लाटा, त्यांत पाण्याने कोरलेल्या हातभर खोल धारदार खाचा, कुठे माणूस मावेल एवढी विवरे, आणि त्यांच्या तळाशी मागच्या हिवाळ्याचा मळका बर्फ. पायाखाली कुठेतरी तीच पार्टनाख अंधारात वाहत होती आणि वर जीभ टाळूला चिकटत होती. रंगाची लाल-पांढरी खूण एका दगडावरून दुसऱ्यावर शोधत जायचे. वाफाळत्या ढगांनी शिखर केव्हा झाकले तेही कळले नाही. फलकावरचे दोन तास आम्हाला तीन झाले.

साडेअकराच्या सुमारास मी एका धोंड्यावर बसलो आणि माझी रिकामी बाटली उलटी करून पाहिली. मित्राने न बोलता पिशवीत हात घातला. "ठेव ती," मी म्हणालो, "आईला न्यायचीये ना?" "अरे, तिर्थ काय बघायला असतं होय?" तो म्हणाला आणि झाकण काढले. अर्धी मी प्यायलो, अर्धी तो. अजून गार होती.

झोनआल्पिनला, सुमारे २,६०० मीटरवर, पोहोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. इथेच श्नेफेर्नर हा हिमनदीचा बर्फ आहे, किंवा होता असे म्हणावे लागेल. दक्षिणेकडचा श्नेफेर्नर सप्टेंबर २०२२ मध्ये बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीने हिमनद्यांच्या यादीतून काढून टाकला; उरलेला बर्फ इतका पातळ झाला होता की तो स्वतःच्या वजनाने सरकण्याचेच थांबला होता, आणि जो सरकत नाही त्याला हिमनदी म्हणत नाहीत. बव्हेरियात पाच होत्या, त्यानंतर चार उरल्या. उत्तरेकडचा श्नेफेर्नर अजून आहे. धुक्यात तो मला खडीने माखलेल्या, करड्या, थोड्या चकाकणाऱ्या उतारासारखा दिसला. कोणी बोट दाखवले नसते तर मी त्याला बर्फ समजलोच नसतो. इझारच्या पुलावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मित्राला मी हेच दाखवणार होतो. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "एवढाच?"

शिखर इथून साडेतीनशे मीटर वर, फलकानुसार दीड तास. आधी घसरती खडी, मग धारेवरून लोखंडी तारांना धरून. आमच्या हिशेबाने दोन-सव्वादोन तास, म्हणजे नेमके व्यवस्थापकांनी जाऊ नका म्हटलेल्या वेळी आम्ही तारांवर असणार. मला जायचे होते. घरून निघताना मी मनात शिखरापर्यंत पायीच, असे ठरवले होते, आणि १८२० मध्ये २७ ऑगस्टला लेफ्टनंट योझेफ नाउस नकाशाच्या मोजणीसाठी याच राइनटालच्या वाटेने येऊन पहिल्यांदा शिखरावर पोहोचला, त्याच्या पावलावर पाऊल ठेवून जायचे वगैरे मनात होते. मित्राने माझे सगळे ऐकून घेतले, गुडघ्याला पट्टी बांधली आणि म्हणाला, "तू म्हणत असशील तर मी येतो. पण मला तार धरून खाली बघवणार नाही, हे आधी सांगतो." त्यावर काही बोलण्यासारखे नव्हते. आम्ही शेजारची केबल-कार घेतली. साडेतीनशे मीटर ती मोजून पाच मिनिटांच्या आत चढते, आणि त्या पाच मिनिटांत मी कोणाच्या नजरेला नजर दिली नाही.

शिखर म्हणजे काँक्रीटची एक मोठी गच्ची आहे. त्सुगश्पित्सेला मुळात तीन टोके होती. मधल्यावर केबल-कारचे स्थानक आले, पश्चिमेकडचे १९३८ मध्ये लष्कराच्या एका इमारतीसाठी सुरुंगाने उडवले, आणि ती इमारत कधी बांधलीच नाही. पूर्वेचे तेवढे शिल्लक आहे आणि त्यावर सोनेरी मुलामा दिलेला क्रॉस. गच्चीवर चपला घातलेली माणसे सॉसेज खात होती, पिवळ्या चोचीचे काळे डोंगरकावळे त्यांच्या ताटल्यांवर नजर ठेवून होते, आणि चार देशांची शिखरे जिथे दिसतात म्हणतात तिथे चारी बाजूंना सारखेच पांढरे होते. "जा, क्रॉसला हात लावून ये," मित्र म्हणाला, "मी सॅक सांभाळतो." देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्याच्या सुरात म्हणाला, म्हणून मला हसू आले आणि मी गेलो. शेवटची चढण शिडीची आणि तारांची, पंधरा मिनिटांची. त्यातली दहा रांगेत. क्रॉसच्या पायथ्याशी फुटबॉल क्लबांचे स्टिकर चिकटवलेले होते. मी त्याच्या गार धातूला हात लावला, मागच्या बाईंनी फोटो काढून हवा का विचारले, मी नको म्हणालो.

परत पठारावर उतरून तीनच्या सुमाराची रेल्वे घेतली. ती लगेच बोगद्यात शिरते आणि साडेचार किलोमीटर डोंगराच्या पोटातूनच उतरत राहते. वर वादळ झाले की नाही, हे आम्हाला कळले नाही. रिफेलरिस येथे बाहेर उजेडात आलो तेव्हा रूळ आणि झाडे ओली होती आणि काचेवर थेंब होते, पण ते गारांचे की साध्या पावसाचे, हे कोण सांगणार? मित्र झोपला होता. मी इतका वेळ पंधरा मिनिटांचा, दीड तासाचा आणि आमच्या सव्वादोन तासांचा हिशेब करत बसलो होतो, आणि दर वेळी उत्तर थोडे वेगळे येत होते.

सोमवार

संध्याकाळी त्याचे विमान होते. रविवारी इथली दुकाने बंद असतात, म्हणून ती रिकामी बाटली सकाळी सुपरमार्केटमध्ये नेली. नाशिककरांनी स्वतःच्या हाताने ती यंत्राच्या गोल तोंडात ठेवली. आत दिवा लागला, बाटली दोनदा गोल फिरली, आणि मागे कुठेतरी ती चुरगळल्याचा आवाज आला. पावती निघाली: पंचवीस सेंट. ती त्याने पाकिटात, आईच्या फोटोमागे ठेवली. रोकड घ्यायची राहिली ती राहिलीच.